नसलेल्या गेमची तिसरी पातळी

जगात नसलेला एक व्हिडिओ गेम मी शोधून काढला आणि तो मी खेळलोय असं वर्गात सांगितलं. मूर्खपणा एवढाच. त्यानंतर कित्येक दिवस मी स्वतःच्याच घरात पाठ भिंतीला लावून का बसत होतो, आणि बाथरूमला जाताना मोठ्याने पाढे का म्हणत होतो, हे आईला कधी कळलं नाही. तिला वाटलं, गणित सुधारतंय.

आम्ही तेव्हा आयर्लंडमधल्या कासलबारला राहायचो. आई तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात, बाबा सोमवार ते शुक्रवार देशाच्या दुसऱ्या टोकाला, सँडीफोर्डला नोकरीला. तिकडे दोन नागपूरकरांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे आणि शुक्रवारी ट्रेनने अर्धमेले होऊन घरी यायचे. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि सहा महिन्यांसाठी आलेली आजी. ती बाबांची आई, मालवणची. तिने येताना बॅगेत स्वतःचे कपडे कमी आणि कोकम, कुळथाचं पीठ, तिरफळं जास्त आणली होती. किचनमधल्या ज्या कपाटाला तिथे प्रेस म्हणतात, ते प्रेस उघडलं की आतून थेट तिचं गाव बाहेर यायचं. दुपारी चारला बाहेर काळोख पडू लागला की ती कुळथाची पिठी ढवळायला घ्यायची. वर लसणीची फोडणी चर्र व्हायची, तव्यावर तांदळाची भाकरी फुगायची, आणि हीटिंगच्या नळ्या गरम होताना भिंतीतून टक, टक, टकटक असा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज मी आधी दोन वर्षं ऐकला होता. आजी आल्यावर तो मला पहिल्यांदा ऐकू आला, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

आजीची आयर्लंडबद्दल एकच तक्रार होती. ती थंडीची नव्हती, पावसाचीही नव्हती. "ह्या गावात भुतां नाय," ती म्हणायची, "आणि माणसांय दिसनत नाय. ऱ्हवतत तरी कोण हय?" मग ती कमतरता भरून काढायला भाकरी थापता थापता मला तिच्या गावची भुतं सांगायची. कुठल्या पाणंदीत कोण बसतो, कोणाला काय लागतं, कोणाला मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. सगळ्यात जास्त सांगायची ती चकव्याचं. चकवा माणसाला मारत नाही, खात नाही, दिसतसुद्धा नाही. तुम्ही रोजच्या वाटेने घरी निघता आणि घर येतच नाही. तेच झाड, तोच दगड, पुन्हा तेच झाड. एवढंच. मला तेच सगळ्यात भयंकर वाटायचं. दात असलेल्या भुतापुढे निदान पळता तरी येतं.

आता शाळेचं. आमच्या वर्गात कोण किती चांगलं खेळतो याला फारशी किंमत नव्हती. किंमत होती ती नवा गेम कोण शोधून आणतो याला. सायकलींच्या शेडमागे मधल्या सुट्टीत हा दरबार भरायचा आणि त्याचे नियम कडक होते. ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर झळकतो तो गेम सापडला असं म्हणायचं नाही, तो दाखवलेला असतो. मोठ्या कंपनीचा चालत नाही. कोणीतरी एकट्याने खोलीत बसून बनवलेला हवा, आणि आधी कोणी ऐकलेला नको. कोणी मोजकेच प्रेक्षक असलेले चॅनेल तासन्‌तास चाळायचा. कोणी जुन्या डिस्कच्या दुकानातल्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालायचा. कोणी लायब्ररीच्या फळीवर मागे सरकलेल्या डब्या बघायचा. डेक्लनचा थोरला भाऊ गॉलवेला युनिव्हर्सिटीत होता, त्यामुळे डेक्लनला सगळं आयतं यायचं आणि म्हणून न्यायाधीशही तोच होता. माझी लेक आता गेम शोधत नाही, गेमच तिला शोधत येतात. ती काल काय खेळली यावरून आज काय आवडेल ते तिच्या आधी मशीनला कळतं. मी तिला म्हणतो, यात मजा काय? ती म्हणते, "बाबा, वेळ वाचतो." वाचलेल्या वेळात ती तेच खेळते.

माझ्याकडे शोधायला काहीच नव्हतं. बाबांचा जुना लॅपटॉप सुरू केला की पापड भाजता येईल इतका तापायचा. आईचा हॉस्पिटलचा, त्याला हात लावायचा नाही. दोन वर्षं मी शेडमागे उभा राहून दुसऱ्यांचे शोध ऐकत होतो आणि तिथल्यासारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान छान, म्हणत मान हलवत होतो. माझा म्हणावा असा एकच मित्र होता, कहल. बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा. गावाबाहेर, जिथे शेतं संपून दलदलीचं माळरान सुरू होतं, तिथे तो आजोबांबरोबर राहायचा. तो फार बोलायचा नाही आणि मी फार बोलायचो, म्हणून आमचं जमत होतं. अर्थात ही सगळी पोरं बोलायची इंग्रजीतच, तेही आमच्या मेयो जिल्ह्याच्या लोण्यात बुडवलेल्या इंग्रजीत. पण इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात ते मराठीतच उमटतं, तर तसंच लिहितो.

एका सोमवारी डेक्लन म्हणाला, "मिहीर, तू इतके दिवस आमच्यात उभा राहतोस. तू कधी काही आणलंस का?"

मी म्हणालो, "आणलाय ना. चकवा."

हे नाव तोंडातून कसं गेलं, मला माहीत नाही. आदल्या संध्याकाळची पिठी बोलली असावी. कोणी ऐकलं नव्हतं, म्हणजे पहिला नियम पाळला गेला. एकट्याने बनवलेला होता यात तर शंकाच नव्हती. मी सांगत गेलो. तुम्ही शेतातून घरी निघता. हातात काही शस्त्र नाही, समोर शत्रू नाही. चालत राहायचं. तेच झाड पुन्हा येतं. दुसऱ्या वेळी झाडाखाली कोणीतरी नुकतं बसून उठल्यासारखं गवत दबलेलं असतं. पोरं गप्प झाली. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी इतकं गप्प ऐकत होतं आणि त्याची हवा डोक्यात गेली.

"कुठे मिळतो?" डेक्लनने विचारलं.

"इथे नाही दिसत. फक्त भारतातल्या दुकानात आहे. माझ्या पुण्याच्या चुलतभावाकडून आला."

हे फार हुशारीचं उत्तर होतं. दर देशाला दुकान वेगळं दिसतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी आजीकडून एक पातळी घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी शेडमागे वाढायचो. पहिल्या पातळीत विहिरीमागून येणारी हाक झाली, दुसरीत उलट्या पावलांची बाई झाली. तिसऱ्या पातळीसाठी आजीकडचं काही शिल्लक नव्हतं, म्हणून मी पदरचं घातलं: दूर एक दिवा दिसतो, त्याच्या मागे जायचं, तो घरी नेतो. आजीच्या गोष्टीत कुठलाच दिवा घरी नेत नव्हता. पण मला गेम संपवायचा होता, कारण माझी स्वतःचीच झोप उडायला लागली होती.

तोवर डेक्लनला संशय आलेला होता. त्याने एकदा विचारलं, बनवणाऱ्याचं नाव काय. एकदा म्हणाला, फोनवर एक चित्र तरी दाखव. मी म्हणालो, चुलतभावाची परीक्षा आहे. तो नुसता हसला. तो हसला की पोरंही हसायची. मला कळून चुकलं की आणखी एक-दोन सुट्ट्या, मग मी खोटारडा ठरणार. दोन वर्षांत मिळालेली ती एक उभं राहायची जागा जाणार, आणि बसमध्ये कहलच्या शेजारची जागाही रिकामी होणार. खोटारड्याच्या शेजारी कोण बसतो?

आणि त्या गुरुवारी कहल शेडमागे आला, खिशात हात घालून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला मिळाला तो. चकवा."

डेक्लन माझ्याकडून त्याच्याकडे वळला.

"सेटिंगमध्ये देश बदलला," तो म्हणाला. "भारत केला. लगेच आला. काल खेळलो. चांगला आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "पण तू ते कोटाचं सांगितलंच नाहीस."

"कोणत्या कोटाचं?"

"कोट काढून उलटा घालायचा, आतली बाजू बाहेर. मगच वाट सुटते. दुसऱ्या पातळीत. त्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तू कसा गेलास?"

डेक्लनचं हसू गेलं. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, कहलला सगळं कळलंय आणि तो मला मांजरासारखा खेळवतोय. दुसरी, जगात खरंच तसा गेम आहे. मी खोटं बोललो आणि ते कुठेतरी खरं होऊन बसलं. पहिली शहाण्याला पटेल अशी होती. मी दुसरी निवडली.

त्या संध्याकाळी आई ड्यूटीवर होती. खिडकीबाहेर काळोख, आत भाताच्या पेजेचा वास, भिंतीत टकटक. मी फ्रिजला टेकून, काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, "आजी, चकवा लागला तर सुटायचं कसं?"

आजी भाकरी उलटत होती. तिने वर पाहिलं नाही. "थंयच बसान ऱ्हवाचा," ती म्हणाली. "नायतर आंगातलो सदरो उलटो करून घालूचो. मगे वाट गावता."

हे तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. मी विचारलं, "हे तू अजून कोणाला सांगितलंस? फोनवर? कोणालाही?" तेव्हा मात्र तिने वर पाहिलं, माझा चेहरा वाचला, आणि उलथनं तसंच हवेत धरून म्हणाली, "दिवेलागणीक त्याचा नाव घेव नको, मेल्या. नाव घेतला की ता आयकता."

मी ते नाव किती दिवस, किती वेळा, किती मोठ्याने घेतलं होतं ते आठवून मला भाकरी गेली नाही. पाढे सुरू झाले ते त्या संध्याकाळपासून. हॉलमधून जिन्यापर्यंत जायचं तर वाटेत कोट टांगायच्या खुंट्या होत्या, त्यावर आईचा लांब कोट. तो कोट सुलटाच आहे ना, हे मी जाताना बघायचो आणि येताना पुन्हा बघायचो. आज हसू येतं. तेव्हा मी एकदा बाही चाचपूनसुद्धा बघितली होती.

शुक्रवारी बसमध्ये कहल म्हणाला, "उद्या ये घरी. तिसरी पातळी मिळून खेळू." नाही म्हणायला कारण शोधेपर्यंत माझा स्टॉप आला.

शनिवारी बाबांनी मला गाडीने सोडलं. मांडीवर आजीने दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा. बाबा वाटेत खूश होते. "बरं झालं, मित्राकडे जातोयस. आज हवा काय ग्रँड आहे बघ." हवा ग्रँड नव्हती. डोंगराचा माथा दिसत नव्हता आणि धुकं हळूहळू कुंपणं मोजत खाली येत होतं.

कहलच्या घरात दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा शेगडीत जळत होत्या. त्याचा धूर गोडसर, जुन्या कपड्यांसारखा. शेगडीजवळ त्याचे आजोबा, पायाशी कुत्रा. आजोबांनी एक वडी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि डबा आपल्या बाजूला ओढून घेतला. कहलने टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक पट्टी आली आणि थांबली.

"अपडेट," कहल म्हणाला.

"हो का," मी म्हणालो.

"आमचं इंटरनेट रखडतं."

"आमचंही."

आम्ही दोघं त्या न हलणाऱ्या पट्टीकडे भक्तिभावाने बघत बसलो. मग तोच म्हणाला, "तोवर मागचं रान दाखवतो. तिसरी पातळी अगदी तशीच आहे." मला बाहेर जायचं नव्हतं. पण आत राहिलो आणि ती पट्टी भरली तर? मी कोट चढवला.

मागचं फाटक ओलांडून आम्ही उतारावरून गेलो. कहल पुढे, मी मागे. जमीन पावलाखाली दबायची आणि पाऊल उचललं की चोखल्यासारखा आवाज यायचा. कोणी कधीकाळी माती कापून नेलेल्या जागी लांब चर होते, त्यात काळं पाणी आणि वर हिरवं शेवाळ, गालिचा अंथरल्यासारखं सपाट. "त्यावर पाय द्यायचा नाही," कहल म्हणाला. "आमची एक गाय गेली." तेवढ्यात धुकं आलं. आलं म्हणजे चालत आलं नाही. होतंच, आणि आम्हाला उशिरा दिसलं असं वाटलं. कहलची टोपी दिसत होती, टोपीपुढचं काही नाही. तो म्हणाला, चल परत. आम्ही परत निघालो. एक कुंपणाचा खांब लागला, त्याला निळी दोरी बांधलेली. बरंच चाललो. खांब लागला. निळी दोरी. पुन्हा चाललो, या वेळी भरभर, आणि तो निळा रंग धुक्यातून वर येताना दिसला तेव्हा माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी आजवर कोणाला करून दाखवलेला नाही.

"आपण तेच..." कहल म्हणाला आणि थांबला. त्याचा आवाज पातळ झाला होता. हे त्याचं रान होतं. तो इथे चालायला शिकला होता. आणि तो घाबरला होता. खांबाच्या बुडाशी गवत दबलेलं होतं. ते आमच्याच पायांनी दबलं होतं हे आज मला कळतं.

तेव्हा उजवीकडे एक दिवा दिसला. पिवळा, अंधुक, किंचित हलणारा. कहलने माझ्याकडे बघितलं. "तिसरी पातळी," तो म्हणाला. "दिव्याच्या मागे जायचं. तूच सांगितलंस." आणि तो निघाला. सरळ दिव्याकडे. त्याच्या आणि दिव्याच्या मध्ये एक हिरवा, सपाट, सुंदर गालिचा होता.

मी ओरडलो ते मराठीत. "नको, नको, थांब, तो दिवा माझा आहे." मग भान आलं आणि इंग्रजीत ओरडलो की गेम नाहीये, तसा गेमच नाहीये, मी बनवला, दिवा मी घातला, आजीच्या गोष्टीत दिवा नाही, थांब. तोवर त्याचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला होता. मी त्याच्या कोटाची टोपी धरली आणि मागे बसलो. ओढलं म्हणायला ऐट वाटते. मी भीतीने पाय गळून खाली बसलो आणि माझ्या वजनाने तो बाहेर आला. त्याचा बूट आतच राहिला. आम्ही चिखलात शेजारी शेजारी पडलो होतो, मी रडत होतो, मोठ्याने, आणि काही केल्या थांबत नव्हतो.

"मला माहीत आहे," कहल म्हणाला.

"काय?"

"गेम नाही ते. मी खरंच देश बदलून बघितलं होतं. तिथेही नाही."

"मग मिळाला का म्हणालास?"

तो पायातला मोजा पिळत होता. "डेक्लन सोमवारी सगळ्यांसमोर तुला फोन लावायला सांगणार होता. पुण्याच्या भावाला. मी म्हटलं मला मिळाला, की मग तो बसला गप्प."

मग एकदम आठवलं. "आणि कोट? उलटा कोट तुला कोणी सांगितला?"

"आजोबांनी. आमच्याकडे असतं ते. गवताचं एक ढेकूळ असतं, कुठलं ते दिसत नाही. त्यावर पाय पडला की आपल्याच शेतात वाट सापडत नाही. तुझा गेम ऐकला आणि मला वाटलं, हे तर आमचंच आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुढे काय करायचं यावर चर्चा झाली नाही. दोघांनी कोट काढले, उलटे केले, आतलं चकचकीत अस्तर बाहेर घेऊन पुन्हा घातले आणि आजीने सांगितल्याप्रमाणे तिथेच बसून राहिलो. थंडीने दात वाजत होते. दिवा हलत होता. मग धुक्यातून काहीतरी चार पायांचं धापा टाकत आलं आणि माझ्या तोंडाला लागलं. मी डोळे मिटून सातचा पाढा म्हणायला सुरुवात केली. तो त्यांचा कुत्रा होता. मागून तोच हलणारा दिवा, म्हणजे टॉर्च घेऊन आजोबा, चराला वळसा घालून, सावकाश. त्यांनी आमच्या उलट्या कोटांवर उजेड टाकला, मग कहलच्या बूट नसलेल्या पायावर, आणि म्हणाले, "फाटक तुमच्या पाठीमागे आहे." खरंच होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं.

घरी आजीला सगळं सांगावंच लागलं, कारण चिखल बोलतच होता. आईबाबांसाठी आजीने आणि मी मिळून डबक्यात पडल्याची साधी गोष्ट केली. आजीने गरम पाणी काढलं, माझ्या पायाला खोबरेल चोळलं, आणि कहलच्या आजोबांचं ते गवताचं ढेकूळ दोनदा नीट समजावून घेतलं. मग समाधानाने म्हणाली, "म्हणजे हयपण आसा तर. मगे गाव काय वायट नाय." त्यानंतर ती आयर्लंडबद्दल कधी कुरकुरली नाही. भिंतीतली टकटक मात्र मला हिवाळाभर ऐकू येत राहिली.

सोमवारी मी बसमध्ये चढलो तेव्हा कहल नवे बूट घालून बसला होता. त्याने बॅग उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा केली. मधल्या सुट्टीत शेडमागे डेक्लन वाटच बघत होता, बाकीचे त्याच्याभोवती. मी तोंडात शब्द तयार ठेवले होते. सांगून टाकायचं, आणि मग जिथे उभं राहायला मिळेल तिथे राहायचं. पण डेक्लनने मला विचारलंच नाही. त्याला आता माझ्यापेक्षा खात्रीचा माणूस मिळाला होता.

"कहल, शनिवारी खेळलात म्हणे तुम्ही तिसरी पातळी," तो म्हणाला. "कसा आहे मग? घेण्यासारखा आहे का?"

कहलने खिशात हात घातले.

"गेम ग्रँड आहे," तो म्हणाला. "पण याच्याबरोबर खेळू नकोस. हा सगळा वेळ रडतो."